बोरोबुदूरची गावे : स्तूप, शीव आणि श्रम

जावा बेटावरील बोरोबुदूरचा महास्तूप बौद्ध जगतास सुपरिचित आहे. त्याच्या ५०४ बुद्धमूर्ती, वरच्या तीन वर्तुळाकार मजल्यांवरील ७२ जाळीदार स्तूप आणि सहस्रावधी शिल्पपट यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्या गावांच्या भूमीवर हा स्तूप उभा आहे, त्या गावांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. आज ही गावे एकीकडे यात्रेकरूंची व पर्यटकांची, तर दुसरीकडे भांडवल गुंतवू पाहणाऱ्यांची आकर्षणस्थाने झाली आहेत. अशा वेळी स्तूप आणि गाव यांचे मूळ नाते काय होते, याचा शोध घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मध्य जावातील मागेलांग जिल्ह्यात केदूचे सुपीक मैदान पसरले आहे. मेरापी, मेरबाबू, सुंबिंग व सिंदोरो हे ज्वालामुखी पर्वत आणि दक्षिणेकडील मेनोरेह टेकड्या यांनी ते वेढलेले आहे. प्रोगो व एलो या नद्यांचे पाणी आणि ज्वालामुखीच्या राखेने कसदार झालेली माती यांमुळे येथे भाताचे पीक उत्तम येते. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात शैलेंद्र राजवंशाच्या काळी या स्तूपाच्या उभारणीस आरंभ झाला आणि नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पूर्ण झाली. शिल्पी, पाथरवट व मजूर यांना दशकानुदशके अन्न पुरविणारी शेती जवळ नसती, तर हे कार्य सिद्धीस गेले नसते. महास्तूपाचा खरा पाया भातशेतीत आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

हे नाते शिलालेखांतही नोंदले गेले आहे. शके ७००, म्हणजे इ. स. ७७८ चा कलसन शिलालेख संस्कृत भाषेत व उत्तर भारतीय वळणाच्या लिपीत कोरलेला आहे. तारादेवीचे मंदिर व भिक्षूंचे निवासस्थान उभारून कलस नावाचे गाव संघास दान दिल्याचे तो सांगतो. इ. स. ८४२ च्या एका लेखात श्री कहुलुन्नन हिने ‘भूमिसंभार’ येथील पवित्र स्थानाच्या योगक्षेमासाठी जमीन करमुक्त केल्याची नोंद आहे. हे स्थान म्हणजेच बोरोबुदूर, असे मत डच पंडित द कास्पारिस यांनी मांडले. अशा करमुक्त भूमीस जावात ‘सीमा’ म्हणत. आपल्या मराठीतील ‘शीव’ त्याच संस्कृत शब्दापासून आली आहे. गावाला तेथे आजही ‘देसा’ म्हणतात. त्याचे मूळ ‘देश’ या शब्दात आहे.

हा व्यवहार समुद्राच्या एकाच तीरावर चालत नव्हता. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल नृपती देवपाल याने त्या विहारास पाच गावे दिली, हे नालंदा ताम्रपटावरून सिद्ध होते. या बालपुत्राचा पितामह यवभूमीचा शैलेंद्र नृपती होता, असेही तोच ताम्रपट सांगतो. गावांचे उत्पन्न पूजेसाठी, भिक्षूंच्या उपजीविकेसाठी, ग्रंथलेखनासाठी आणि विहाराच्या दुरुस्तीसाठी होते.

आमच्या महाराष्ट्रातील लेण्यांचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. नाशिकच्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखांनुसार भिक्षूंना प्रथम काखडी गावातील शेत देण्यात आले. पुढे ते गाव वसलेले नाही व शेत कसले जात नाही, असे आढळल्यावर राजाने त्याऐवजी नगराच्या शिवेवरील १०० निवर्तने जमीन दिली. या साध्या प्रशासकीय नोंदीत मोठे सत्य सामावले आहे. गाव उजाड झाले की दानही निष्फळ होते.

अर्थात, प्राचीन दानपत्रांत देणाऱ्याचे नाव असते, कसणाऱ्याचे नसते. बोरोबुदूरच्या शिल्पींनी ही उणीव काही अंशी भरून काढली. स्तूपाच्या झाकलेल्या पायावर कर्मविभंगाचे १६० शिल्पपट आहेत. १८८५ मध्ये त्यांचा शोध लागला. त्यांत राजवैभवाबरोबरच सामान्य स्त्रीपुरुषांची घरे, त्यांचे कष्ट, दान आणि दुष्कृत्येही कोरलेली आहेत. कर्म आणि त्याचे फळ समजावून सांगण्यासाठी शिल्पकाराने जावातील जनजीवनच आधारास घेतले.

आधुनिक काळात मात्र स्तूपाला मान मिळाला आणि गाव बाजूस पडले. १८१४ मध्ये रॅफल्सच्या आज्ञेने कॉर्नेलियस याने येथील झाडी व माती दूर करविली, तीही गावकऱ्यांच्याच श्रमाने. १८९६ मध्ये वसाहती सरकारने सयामच्या राजाला आठ गाड्या भरून शिल्पे भेट दिली. १९०७ ते १९११ या काळात थिओडोर व्हॅन एर्प याने पहिला मोठा जीर्णोद्धार केला. युनेस्कोच्या साहाय्याने झालेला दुसरा जीर्णोद्धार १९८३ मध्ये पूर्ण झाला. त्यात दहा लाखांहून अधिक दगड हाताळले गेले. त्याच सुमारास, १९७९ च्या जपानी साहाय्याने तयार झालेल्या आराखड्यानुसार, स्तूपाभोवती उद्यान करण्याचे ठरले. न्गारान व केनायान या वस्त्यांतील शेकडो कुटुंबांना विरोध असतानाही घरे व शेते सोडावी लागली. १९९१ मध्ये बोरोबुदूर, मेंदुत व पावोन यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. दगडांची एवढी निगा राखणाऱ्या योजनेत माणसांचे स्थान दुय्यम ठरावे, ही खेदाची गोष्ट होय.

२०१९ मध्ये इंडोनेशिया सरकारने बोरोबुदूरची गणना पाच सर्वोच्च प्राधान्याच्या पर्यटनक्षेत्रांत केली. रस्ते, उपाहारगृहे व निवासस्थाने यांत भांडवल येऊ लागले. बोरोबुदूर तालुक्यातील २० गावांत सरकारी कंपन्यांच्या निधीतून ग्राम-अर्थभवने उभी राहिली. परंतु यापूर्वीच चांदिरेजो गावाने निराळा मार्ग दाखविला होता. तेथील रहिवाशांनी सहकारी संस्था काढून पाहुण्यांना स्वतःच्या घरी उतरविणे आणि टांग्यातून शिवारदर्शन घडविणे हा व्यवसाय उभा केला. २००३ पासून ते पर्यटनग्राम म्हणून ओळखले जाते. कारांगान्यार गावातील क्लिपोह वस्तीवर कुंभारकाम अद्याप टिकून आहे. अशा ठिकाणी पाहुण्याने दिलेला पैसा थेट श्रम करणाऱ्याच्या हाती पडतो.

येथील बहुसंख्य गावकरी मुस्लिम आहेत आणि बौद्ध अत्यल्प. तरीही वैशाख पौर्णिमेला मेंदुतहून बोरोबुदूरकडे निघणारी मिरवणूक याच गावांतून जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत या स्थानांच्या धार्मिक उपयोगास सरकारी करारान्वये मान्यता मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये स्तूपावर चढण्यासाठी देशी पर्यटकास साडेसात लाख रुपिया शुल्क आकारण्याचा प्रस्ताव आला. तीव्र विरोधामुळे तो मागे पडला. झिजणाऱ्या पायऱ्यांच्या रक्षणासाठी चढणाऱ्यांची दैनंदिन संख्या पुढे १२०० इतकी ठरविण्यात आली. संख्येची मर्यादा आम्ही समजू शकतो. दारिद्र्याच्या आधारे घातलेली मर्यादा समजू शकत नाही. बुद्धगयेच्या महाविहाराचा प्रश्न हृदयाशी बाळगणाऱ्या आपल्या समाजाला हा भेद अधिक सांगण्याची गरज नाही.

आम्ही खेड्याचे गोडवे गात नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेवर केलेली कठोर टीका आपल्या स्मरणात आहे. म्हणूनच गाव जतन करा, एवढे म्हणून आम्ही थांबत नाही. गावातील लाभ कोणाकडे जातो, निर्णय कोण घेतो, हे विचारलेच पाहिजे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजाला पशुयज्ञ न करण्याचा व त्याऐवजी शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास वेतन देण्याचा उपदेश आहे. भांडवल धम्माला वर्ज्य नाही. मात्र ते ज्याच्या श्रमाने फळते, त्याला त्यात वाटा मिळाला पाहिजे.

आपले अनेक बांधव आता बोरोबुदूरच्या यात्रेस जाऊ लागले आहेत. त्यांनी स्तूपाची प्रदक्षिणा अवश्य करावी. परंतु मुक्काम एखाद्या गावकऱ्याच्या घरी करावा, क्लिपोहच्या कुंभाराकडून एखादे मडके घ्यावे आणि न्गारान व केनायान येथील विस्थापितांचे स्मरण ठेवावे. ज्यांच्या शिवेवर तथागतांचा हा स्तूप उभा राहिला, त्यांच्याविषयीची कृतज्ञता हाही वंदनेचाच भाग होय.