सारनाथची भिंत आणि सांगशाक

आज वाराणसीला जायचं, पण घाटांवर नाही; दहाएक किलोमीटरवरच्या सारनाथला.

तिथं महाबोधी सोसायटीनं बांधलेला मूलगंधकुटी विहार १९३१ साली खुला झाला. आतल्या भिंतींवर बुद्धचरित्र रंगवलं कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकारानं, १९३२ ते १९३६ या काळात. नोसूंची महाराष्ट्राशी त्याआधीच ओळख झाली होती. १९१८च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला आलेल्या जपानी चित्रकारांत ते होते. त्या प्रती टोकियोत १९२३च्या भूकंपात जळाल्या. अजिंठ्यात घडलेला हात सारनाथच्या भिंतीला लागला.

आता घरचं सांगतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ही पलटण जपान्यांशी लढली. आजोबा परत आले, त्यांचे सोबती आले नाहीत. घरात कुणी जपानचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. तो राग माझ्याकडेही आला. म्हणून विहारात चित्रकाराचं नाव ऐकलं तेव्हा पाय अडखळला.

भिंतीवर सुजाता खीर देते. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे: सिद्धार्थानं तप मोडलं म्हणून पाच सोबती त्याला सोडून गेले. मग माराचं सैन्य चालून येतं. मी फौजी, माझी नजर तिथंच खिळली. एवढी मोठी फौज, आणि समोर एकटा, निःशस्त्र बसलेला माणूस.

ज्ञान झाल्यावर बुद्ध शोधत आले ते त्याच पाच जणांना. ते सारनाथला भेटले. पहिला उपदेश रुसून गेलेल्या सोबत्यांना झाला, संघ तिथून सुरू झाला. म्हणजे या समाजाचा पाया तुटलेलं नातं सांधण्यात आहे.

चित्रं १९३६ला पुरी झाली. पुढच्याच वर्षी जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या, आठ वर्षांनी सांगशाक झालं. ती फौज आणि हा कुंचला एकाच देशातले. आजोबांचा राग खोटा नव्हता, पण तो मी जपावा असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

नातीला जपानी भाषा शिकायची होती. मी दोनदा नको म्हटलं होतं. विहाराच्या पायरीवर बसून मुलाला फोन केला, म्हटलं, तिचं नाव घाल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.