ओकुतामाच्या तळ्याखालचे गाव

मंडळी, शरदात लाल पाने पाहायला आपण ओकुतामाला जातो. शिंजुकूहून ओमेमार्गे शेवटच्या स्टेशनापर्यंत सुमारे दोन तास, पुढे थोडा वेळ बस, की समोर डोंगरांमधले हिरवेगार तळे. हेही टोकियोच, असे सांगितले तर भारतातून आलेल्या पाहुण्यांना खरे वाटत नाही!

पण हे तळे निसर्गाने दिलेले नाही. तामा नदीवरच्या ओगोची धरणाचे ते पाणी आहे आणि त्याखाली ओगोची गाव आहे. वाढत्या टोकियोला पाणी हवे होते. गावाने आधी विरोध केला, मग राजधानीसाठी म्हणून होकार दिला. तेवढ्यात खालच्या अंगाच्या कानागावाशी पाण्याच्या हक्कावरून वाद लागला आणि काम काही वर्षे रखडले. उठायचेच आहे तर नवी लागवड कशाला, घराची डागडुजी कशाला, असे म्हणता म्हणता लोक कर्जात बुडाले. धरणात बुडण्याच्या कितीतरी आधी. डिसेंबर १९३५ मध्ये गावकरी गाऱ्हाणे घेऊन टोकियोकडे निघाले, तर पोलिसांनी वाटेतच अडवले. इशिकावा तात्सुझो यांनी १९३७ साली याच गावावर 'हिकागे नो मुरा', म्हणजे 'सावलीतले गाव', ही कादंबरी लिहिली.

काम १९३८ ला सुरू झाले, युद्धामुळे १९४३ ला थांबले, १९४८ ला पुन्हा सुरू होऊन १९५७ ला पुरे झाले. भिंत १४९ मीटर उंच. शेजारची गावे धरून ९४५ कुटुंबे उठली आणि ८७ कामगार प्राणांस मुकले.

आपल्याला मुळशी आठवणारच. तिथे १९२१ च्या रामनवमीला मावळे टाटांच्या धरणावर जाऊन बसले, पुढे सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. ते पाणी मुंबईच्या विजेसाठी होते, हे पिण्यासाठी. म्हणून उठणाऱ्याचे दुःख कमी होते असे मला वाटत नाही. आज टोकियोचे बहुतेक पाणी तोने आणि आराकावा नद्यांचे असले, तरी तामाचा वाटा आपल्या वरणभातात आहेच.

गावातले 'त्सुरु नो यु' हे गरम पाण्याचे झरेही बुडाले. १९९१ पासून ते पाणी पंपाने वर काढून टँकरने जवळच्या मुक्कामाच्या जागांना पोचवतात. बुडालेल्या नऊ देवळांतले देव मुगियामाच्या उंचवट्यावर एकाच देवळात आणून ठेवले आहेत. मुलांना आवडणारा तरंगता पूल तिथून अगदी जवळ. पाणी फार खाली गेले की पूल बंद असतो, देऊळ मात्र उघडे असते.