कन्याकुमारी, गोंदिया आणि १ नोव्हेंबर १९५६

आपल्या गोंदियातून कन्याकुमारीला जाऊन आलेले पुष्कळ आहेत. भूशिरावर सूर्योदय बघायचा, बोटीनं विवेकानंद शिलास्मारकावर जायचं, शंख-शिंपले घ्यायचे आणि परत. मीही कुटुंबासोबत गेलो तेव्हा तेच केलं. ते स्मारक उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, हे सोबतच्या कुणालाच माहीत नव्हतं.

एक दिवस हातात होता म्हणून पद्मनाभपुरमला गेलो. त्रावणकोरच्या राजांचा हा जुना लाकडी राजवाडा. जागा तमिळनाडूत, ताबा मात्र केरळ सरकारचा! असं कसं, म्हणून शोधलं तर उत्तर निघालं, १ नोव्हेंबर १९५६.

त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना लागू झाली. कन्याकुमारीचा तमिळ मुलूख त्रावणकोर-कोचीन राज्यातून निघून मद्रास राज्यात गेला. ते फुकट मिळालं नव्हतं. मार्शल नेसमणींच्या नेतृत्वात आंदोलन झालं, ११ ऑगस्ट १९५४ ला पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. सीमा सरकली, राजवाडा केरळकडेच राहिला.

आता आपलं बघा. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. त्यात भंडारा होता आणि भंडाऱ्यात आपला गोंदिया. नागपूरची राजधानी गेली. चाळीसेक किलोमीटरवरचं बालाघाट तिकडेच राहिलं. सोयरीक, बाजार, दवाखाना मात्र आजही दोन्हीकडे.

फरक एवढाच की तिकडच्या लोकांनी भाषेसाठी राज्य बदलून मागितलं. २०२२ च्या डिसेंबरात आमगावकडच्या काही गावांनी "आम्हाला मध्य प्रदेशात टाका" म्हटलं, ते भाषेसाठी नव्हे. नगर परिषदेचा वाद वर्षानुवर्षं अडकला आणि गावातली कामं थांबली म्हणून.

देशाचं टोक बघायला आपण दोन-दोन दिवस रेल्वेत बसतो. राज्याच्या टोकावरची ही गावं बघायला निवडणुकीशिवाय कोण येतं?

कन्याकुमारीला गेलात तर शुचींद्रमचं मंदिर, वट्टकोट्टईचा समुद्रकाठचा किल्ला आणि पद्मनाभपुरम नक्की बघा. आणि घरी १९५६ आधीचा, मध्य प्रदेशच्या शिक्क्याचा एखादा कागद असेल, जमिनीची नोंद म्हणा की शाळेचा दाखला, तर फोटो खाली टाका. आपला इतिहास आपणच जमवू.