कारखान्याचा परवाना: मुदत संपण्याआधी काय करावं?

मालेगाव, भिवंडीसारख्या शहरांत आपल्या अनेक घरांची रोजीरोटी लूम, सायझिंग, बेकरी यांवर चालते. धंदा वाढतो, पण परवान्याची फाईल कपाटातच राहते.

परवाना कुणाला लागतो?
21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियम 1948 च्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 आली आहे. तिच्यानुसार विजेवर काम चालत असेल तर 20, विजेशिवाय असेल तर 40 कामगारांपासून कारखाना धरला जातो. दिवसपाळी आणि रातपाळी दोन्हींतली माणसं मोजतात, ठेकेदाराचीसुद्धा. शॉप अॅक्ट किंवा उद्यम नोंदणी आहे म्हणजे हा परवाना आहे, असं नाही.

नूतनीकरण कसं?
अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायचा. परवान्यावरची तारीख आजच बघा. महाराष्ट्रात जुन्या नियमांखालचे परवाने सहसा 31 डिसेंबरला संपतात, म्हणून ऑक्टोबरमध्येच अर्ज टाकलेला बरा. फी कामगारांची संख्या आणि मशिनरीचा हॉर्सपॉवर यांवर ठरते. उशीर झाला तर जादा पैसे भरावे लागतात. पावती जपून ठेवा.

अर्जाआधी तपासा
- परवान्यावर लिहिलेले कामगार आणि हॉर्सपॉवर आजच्या हिशेबाशी जुळतात का? नवे लूम बसवले असतील तर आधी दुरुस्ती करून घ्या.
- परवाना मरहूम वालिदांच्या नावावर आहे का? वारसाच्या नावावर करून घ्या.
- फायर एनओसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी असते. त्यांच्याही तारखा बघा.

हे का महत्त्वाचं?
18 मे 2025 ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाच्या कुटुंबासह 8 जण गेले. तिथल्या कागदपत्रांबद्दल इथे काही म्हणायचं नाही. पण कारखान्यातच घर असलेली कुटुंबं आपल्याकडे खूप आहेत. नूतनीकरणाच्या निमित्ताने वायरिंग, आग विझवायची नळकांडी आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून घ्या. त्या दारासमोर सुताचे गठ्ठे रचलेले असतील तर ते आधी हलवा.

परवाना नसताना अपघात झाला तर खटला होऊ शकतो, विम्याचा दावाही अडकू शकतो. मजूर आपल्या भरवशावर मशीनपाशी उभा असतो. त्याची जान ही आपल्याकडची अमानत आहे.