औषधरोधी सूक्ष्मजंतूंवरील प्रतिजैव पदार्थांच्या चाचण्या

प्रचलित प्रतिजैव पदार्थांना म्हणजेच अँटिबायॉटिकांना दाद न देणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा संसर्ग झालेल्या रुग्णांवर नव्या औषधाची परिणामकारकता व निर्धोकता पद्धतशीरपणे पारखण्याच्या प्रयोगांना ही संज्ञा लावतात. परीक्षानळीत जंतूंची वाढ थांबविणारे औषध रुग्णाच्या शरीरातही तसेच कार्य करील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रयोगशाळा व प्राणी यांनंतर निरोगी स्वयंसेवकांवर आणि शेवटी रुग्णांवर औषध पारखले जाते. औषधरोधी जंतूंच्या बाबतीत या अखेरच्या टप्प्यात एक मूलभूत अडचण असते : ज्या रुग्णांना नव्या औषधाची सर्वाधिक गरज असते, त्यांच्यावरच ते शास्त्रीय रीतीने पारखणे सर्वांत कठीण असते. या चाचण्यांचा इतिहास हा बव्हंशी या अडचणीतून मार्ग काढण्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : औषधरोधाची जाणीव प्रतिजैव पदार्थांइतकीच जुनी आहे. पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम जंतूंमध्ये असल्याचे ई. पी. एब्राहम व ई. बी. चेन यांनी १९४० मध्येच दाखविले. त्यानंतर १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास पेनिसिलीन देण्यात आले. प्रथम त्याची प्रकृती सुधारली. परंतु औषधाचा साठा संपल्यामुळे तो दगावला. एकेका रुग्णाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढण्याची ही रीत पुढे मागे पडली.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने फुप्फुसाच्या क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनाची जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत रुग्णांचे दोन गट यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून करावेत तसे, पाडण्यात आले. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ मृत्यू पावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ मृत्यू पावले. मात्र उपचार चालू असतानाच बहुतेक रुग्णांच्या क्षयजंतूंमध्ये स्ट्रेप्टोमायसीनरोध उत्पन्न झाला. पाच वर्षांनंतर पाहता मृतांची संख्या पहिल्या गटात ३२ व दुसऱ्यात ३५ होती. आधुनिक पद्धतीच्या या आद्य चाचणीनेच औषधाचे सामर्थ्य व औषधरोधाचा धोका ही दोन्ही एकाच वेळी सिद्ध केली. पुढे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अम्ल जोडीने दिल्यास रोध कमी प्रमाणात उद्‌भवतो असे दिसून आले आणि क्षयरोगावर एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याचे तत्त्व रूढ झाले.

महाराष्ट्रातील परिस्थिती : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि प्रतिजैव पदार्थ देशातच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. औषधे सुलभ झाली, तसा त्यांचा अनिर्बंध वापरही वाढला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ मध्ये सुमारे तीन महिन्यांत कार्बापेनेमरोधी आंत्रवर्गीय जंतूंचे २४ नमुने आढळले. त्यांपैकी २२ नमुन्यांत ‘एनडीएम–१’ हे एंझाइम होते. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर ज्या कार्बापेनेम गटाचा आश्रय घ्यावयाचा, त्याच औषधांचे हे एंझाइम विघटन करते. याच रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि २०१२ च्या आरंभी तिची देशभर चर्चा झाली. तपासलेल्या सर्व औषधांना या रुग्णांचे जंतू दाद देत नव्हते. अशा रोगासाठी वापरलेली ‘पूर्णतः औषधरोधी’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली नाही. तथापि मे २०१२ मध्ये भारत सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे कळविणे बंधनकारक केले.

बेडाक्विलिनाचे उदाहरण : बहुऔषधरोधी क्षयरोगावरील या औषधास अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मर्यादित चाचण्यांच्या आधारे मान्यता मिळाली. एका चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या थुंकीतून क्षयजंतू लवकर नाहीसे झाले. परंतु ७९ पैकी १० रुग्ण मृत्यू पावले, तर नियंत्रण गटात ८१ पैकी २ मृत्यू झाले. या फरकाचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही. औषध रोखून धरावे तर रुग्ण उपचाराविना दगावतात आणि सर्रास द्यावे तर अपाय व रोध या दोहोंचे भय, असा हा पेच होता. भारतात २०१६ मध्ये मुंबईसह निवडक केंद्रांतच, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून, ते देण्यास सुरुवात झाली. पुढील अनुभवाने मृत्यूविषयीची भीती ओसरली. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासीन यांचा सहा महिन्यांचा उपचारक्रम जुन्या दीर्घ उपचाराहून सरस असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आणि २०२४ मध्ये भारत सरकारने त्यास मान्यता दिली.

मराठवाड्यातील संशोधन : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वोखार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात औषधरोधी जंतूंवरील काही नवी संयुगे शोधण्यात आली. त्यांपैकी लेव्होनॅडिफ्लॉक्सासीन हे मेथिसिलीनरोधी स्टॅफिलोकॉकस जंतूंवर उपयुक्त आहे. भारतातील अनेक रुग्णालयांतील ५०१ रुग्णांवर, त्वचा व तीखालील ऊतकांच्या तीव्र संसर्गात, त्याची लिनेझोलिडाशी तुलना करण्यात आली. शिरेवाटे देण्याच्या प्रकारात सुमारे ९१ टक्के रुग्ण बरे झाले व लिनेझोलिडाने सुमारे ८८ टक्के. तोंडावाटे देण्याच्या प्रकारात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ९५ व ९४ टक्के होते. देशातील औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये त्यास मान्यता दिली. न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसीन हे औषधही याच केंद्रातील असून त्याची घोषणा २०२४ मध्ये झाली.

या चाचण्यांवरून पद्धतीची मर्यादाही ध्यानात येते. गंभीर संसर्गात नियंत्रण गटास औषधाविना ठेवणे अनैतिक ठरते. म्हणून नवे औषध जुन्याहून कमी प्रतीचे नाही, एवढेच बहुधा सिद्ध केले जाते. त्याकरिता तुलनेचे औषध अद्याप प्रभावी असावे लागते आणि त्यास दाद न देणारे जंतू असलेले रुग्ण वगळावे लागतात. साहजिकच ज्यांच्यासाठी औषध शोधले, तेच चाचणीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र, लहान अध्ययने करावी लागतात. असे रुग्ण बहुधा अतिदक्षता विभागात, बेशुद्ध व इतर विकारांनी ग्रस्त असतात. त्यामुळे मृत्यू संसर्गाने झाला की मूळ विकाराने, हे ठरविणे अवघड जाते.

नियमन : बेशुद्ध रुग्णाची संमती कोणी द्यावी, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली व २००९ पासून तीत नोंद सक्तीची झाली. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ यांनुसार नीतिसमितीची मान्यता, माहितीपूर्वक संमती आणि चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई यांची तरतूद आहे. स्वतः संमती देण्यास असमर्थ असलेल्या रुग्णाच्या वतीने त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते.

महत्त्व : नव्या औषधाचे मोल ते योग्य रुग्णास योग्य वेळी मिळण्यावर अवलंबून असते. त्यासाठी रक्त, लघवी वा पू यांतील जंतूंचे संवर्धन करून ते कोणत्या औषधास दाद देतात, हे पाहावे लागते. लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावच्या रुग्णासाठी अशी तपासणी व तज्ञांचा सल्ला ही बहुधा अंबाजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अपेक्षिली जातात. तपासणीअभावी अंदाजाने दिलेले औषध चुकल्यास रुग्णाचे दिवस वाया जातात आणि रोधी जंतूंना वाव मिळतो. काही प्रतिजैव पदार्थांची विक्री नोंदवहीत लिहिण्याचे बंधन २०१४ पासून औषधविक्रेत्यांवर आहे, ते याच कारणासाठी. चाचणीतील रुग्णांनी जोखीम पत्करून मिळविलेले ज्ञान टिकविणे हे त्यानंतर ते औषध लिहून देणाऱ्या, विकणाऱ्या व घेणाऱ्या सर्वांच्या हाती असते.