‘कांगारू’ म्हणजे ‘माहीत नाही’ नव्हे

मालवणात बसून कांगारूवर बोलणार म्हटल्यावर काहीजण हसले. हरकत नाही. पण ती गोष्ट तुम्हीही ऐकलेली असणार. कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियात उतरला, त्याला उड्या मारणारा प्राणी दिसला. त्याने तिथल्या माणसाला विचारलं, “याचं नाव काय?” तो म्हणाला, “कांगारू.” म्हणजे म्हणे, आपल्या भाषेत, “माका म्हायत नाय.” आणि साहेबाने तेच वहीत उतरवलं! तत्त्वज्ञान शिकवताना मीसुद्धा ही गोष्ट वर्गात कित्येक वर्षं सांगितली. मुलं हसायची. ती खोटी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता खरं काय घडलं ते पाहू. जून १७७० मध्ये कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज प्रवाळाच्या खडकावर आपटलं. दुरुस्तीसाठी ते एका नदीच्या मुखाशी आणलं; तिथे आज कुकटाऊन आहे. त्या मुक्कामात कुकने आणि त्याच्याबरोबरच्या जोसेफ बँक्सने हा शब्द टिपून घेतला. तिथल्या लोकांची भाषा गुगू यिमिथिर. तिच्यात ‘गंगुरू’ हे एका मोठ्या जातीच्या कांगारूचं नाव आहे. म्हणजे उत्तर अगदी नेमकं होतं.

मग संशय कुठून आला? पन्नास वर्षांनी, १८२० मध्ये, फिलिप पार्कर किंग त्याच नदीवर गेला. त्याला मिळालेला शब्द निराळाच, ‘मीनुआ’सारखा. लोकांना वाटलं, कुक फसला. पण त्या भाषेत ‘मिन्हा’ म्हणजे खाण्याजोगा प्राणी. किंगला बहुधा तोच शब्द ऐकू आला असावा.

हे आपल्याला समजायला कठीण नाही. उद्या कुणी परदेशी पाहुणा मालवणच्या बंदरावर आला आणि टोपलीकडे बोट दाखवून विचारू लागला, तर एकजण म्हणेल “बांगडो”, दुसरा म्हणेल “मासो”. खोटं कोण बोललं? कोणीच नाही. बोट दाखवल्याने प्रश्न पुरा होत नाही. क्वाइन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६० मध्ये हाच पेच सशाचं उदाहरण घेऊन मांडला होता.

गंमत पुढेच आहे. १७८८ मध्ये इंग्रज सिडनीला वसाहत करायला आले, ते हा शब्द घेऊनच. पण सिडनी तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेला. तिथली भाषा वेगळी. तिथल्या लोकांना तो इंग्रजांचाच शब्द वाटला. साहेबांची गुरंढोरं पाहून ते विचारू लागले, हेही कांगारूच का? अखेर १९७० च्या दशकात जॉन हॅविलँड हा भाषाशास्त्रज्ञ गुगू यिमिथिर बोलणाऱ्यांमध्ये जाऊन राहिला, तेव्हा तो जुना शब्द जिवंत आहे याची खात्री पटली. दोनशे वर्षं तो तिथेच होता. विचारायला जायला हवं होतं, एवढंच.

आता समोरच्या किल्ल्याकडे बघा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, नाव ठेवलं सिंधुदुर्ग. १७६५ मध्ये, म्हणजे कुकच्या पाच वर्षं आधी, मुंबईकर इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ केलं. कुणाला विचारून? कुणालाच नाही. लवकरच किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि ते नावही गेलं. आज होडीवाल्याला ‘फोर्ट ऑगस्टसला ने’ म्हणून पाहा!

त्या विनोदात आपण कुणाला हसत होतो? कुकला, असं आपल्याला वाटतं. पण खरा अन्याय उत्तर देणाऱ्यावर झाला. त्याने आपल्या रानातल्या जनावराचं नाव बिनचूक सांगितलं, आणि जगाने त्याच्या तोंडी ‘माहीत नाही’ घातलं. माहीत आपल्याला नव्हतं. मी ती गोष्ट आता सांगतो, पण शेवट बदलून. तुम्हीही घरी नातवंडांना तशीच सांगा.