अर्जेंटिनातील प्रांतिक निवडणुका: हक्क १८५३ चा, अंमल १९८३ पासून

अर्जेंटिनात २३ प्रांत आणि एक स्वायत्त राजधानी आहे. प्रत्येक प्रांताची राज्यघटना वेगळी, विधिमंडळ वेगळे, आणि गव्हर्नर मतदारांनी थेट निवडलेला. भारतात राज्यपाल केंद्राकडून नेमला जातो. निवडून येणाऱ्या राज्यपालाची कल्पना घटना समितीने १९४९ मध्ये सोडून दिली. अर्जेंटिनाचा गव्हर्नर मात्र भारतातील मुख्यमंत्र्यासारखा प्रत्यक्ष कारभार चालवतो.

या व्यवस्थेचा पाया १८५३ च्या राज्यघटनेत आहे. प्रांत आपले गव्हर्नर आणि आमदार केंद्राच्या दखलीशिवाय निवडतील, असे ती स्पष्ट सांगते. त्याच घटनेचे सहावे कलम मात्र ठरावीक परिस्थितीत केंद्राला प्रांतात हस्तक्षेप करण्याची मुभा देते. हस्तक्षेप झाला की निवडलेले सरकार जाते आणि केंद्राने पाठवलेला अधिकारी कारभार हाती घेतो. पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास या दोन तरतुदींच्या ओढाताणीचा आहे.

घटना येण्यापूर्वी प्रांतांवर कौदियो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र पुढाऱ्यांची सत्ता होती. ब्यूनस आयर्स प्रांताने १८२१ मध्येच स्वतंत्र पुरुषांना व्यापक मताधिकार दिला होता. त्यांनी निवडलेली सभा गव्हर्नर ठरवत असे. त्याच प्रांताच्या गव्हर्नरपदी आलेल्या हुआन मानुएल दे रोसास याने १८३५ मध्ये आपल्या अमर्याद अधिकारांवर ब्यूनस आयर्स शहरात जनमत घेतले, तेव्हा हजारो मते बाजूने पडली; विरोधातली मते दहाच्या आतच होती. मतदान उघड असल्यावर याहून वेगळा निकाल लागणे कठीणच होते.

घटना आल्यावरही मतदान तोंडीच राहिले. अनेक ठिकाणी चर्चच्या आवारात टेबल मांडले जाई. मतदार पुढे येऊन उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे आणि कारकून ते वहीत टिपून घेई. जमीनमालक आणि पोलीस अधिकारी शेजारीच उभे असत. त्यामुळे सत्तेवर असलेला गव्हर्नर सहसा आपल्याच माणसाला वारस म्हणून निवडून आणत असे, आणि असे गव्हर्नर एकत्र आले की राष्ट्राध्यक्षही त्यांच्याच पसंतीचा होई. १८८० मध्ये हुलिओ रोका सत्तेवर आला तो गव्हर्नरांच्या अशाच जुटीच्या बळावर.

ही पद्धत मोडली ती १९१२ च्या सायन्स पेन्या कायद्याने. पुरुषांसाठी मतदान गुप्त आणि सक्तीचे झाले. मतदारयादी लष्करी नोंदणीवरून तयार होऊ लागली. मतदानाच्या खोलीला ‘अंधारी खोली’ हे नाव पडले. ही खोली बहुधा शाळेचा वर्ग असे. खिडक्या झाकलेल्या, टेबलावर प्रत्येक पक्षाच्या छापील मतपत्रिकांचे गठ्ठे. मतदार एकटा आत जाई, हवी ती मतपत्रिका लिफाफ्यात घालून बाहेर येई आणि सर्वांसमक्ष तो पेटीत टाके. त्याच वर्षी सांता फे प्रांतात रॅडिकल पक्षाचे मानुएल मेंचाका गव्हर्नर झाले. निवडणुकांवर वर्षानुवर्षे बहिष्कार टाकणाऱ्या पक्षाने मतपेटीतून मिळवलेला हा मोठा विजय होता.

मात्र गुप्त मतदान आले तरी केंद्राचा हात आखडला नाही. १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या इपोलितो इरिगोयेन यांनी पहिल्या कारकिर्दीत सुमारे २० हस्तक्षेप केले, तेही बहुतेक संसदेची मंजुरी न घेता. काही प्रांत मात्र देशाच्या पुढे चालत होते. सान हुआन प्रांताने १९२७ च्या घटनेने स्त्रियांना मताधिकार दिला; देशपातळीवर तो मिळायला १९४७ साल उजाडले. त्याच प्रांतातून १९३४ मध्ये एमार अकोस्ता आमदार झाल्या.

१९३० मध्ये लष्कराने सत्ता घेतली. पुढच्या एप्रिलमध्ये ब्यूनस आयर्स प्रांतात निवडणूक झाली आणि रॅडिकल पक्ष पुढे आला, तेव्हा सरकारने ती निवडणूकच रद्द केली. त्यानंतरच्या दशकातल्या गैरप्रकारांना सत्ताधारी ‘देशभक्तीची लबाडी’ म्हणत. १९३५ मध्ये अशाच मार्गाने याच प्रांताच्या गव्हर्नरपदी निवडून आलेले मानुएल फ्रेस्को उघड मतदानाचे जाहीर समर्थन करत. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओर्तिस यांनी हस्तक्षेप करून त्यांना हटवले. हस्तक्षेपाचे हत्यार या वेळी लबाडीविरुद्ध वापरले गेले.

दरम्यान मतदारांचा परीघ वाढत होता. १९५१ ते १९५५ या काळात चाको, ला पांपा, मिस्योनेस आणि पातागोनियातील बहुतेक केंद्रशासित प्रदेशांना प्रांताचा दर्जा मिळाला. पण निकाल पचवण्याची सत्तेची तयारी नव्हती. १८ मार्च १९६२ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना मानणाऱ्या पेरॉनवादी गटाचे कामगार पुढारी आंद्रेस फ्रामिनी ब्यूनस आयर्स प्रांतात जिंकले. राष्ट्राध्यक्ष फ्रोंदिसी यांनी लष्कराच्या दडपणाखाली पेरॉनवादी जिंकलेल्या प्रांतांत हस्तक्षेप केला. तरीही २९ मार्चला लष्कराने त्यांनाच पदावरून हटवले. १९६६ आणि १९७६ च्या उठावांनंतर प्रांतांवर पुन्हा नेमलेले कारभारी आले.

लष्करी राजवट संपताना, ३० ऑक्टोबर १९८३ रोजी तेव्हाच्या सर्व २२ प्रांतांनी एकाच दिवशी गव्हर्नर निवडले. पुढे तिएरा देल फुएगो हा २३ वा प्रांत झाला, आणि १९९४ च्या घटनादुरुस्तीनंतर राजधानीनेही १९९६ मध्ये आपला प्रमुख स्वतः निवडला. त्याच दुरुस्तीने हस्तक्षेपाचा निर्णय मुळात संसदेकडे सोपवला. आज आठ प्रांतांत विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत, बाकीच्यांत एक. निवडणुकीची तारीख प्रांत ठरवतो, त्यामुळे प्रांतिक मतदान वर्षभर टप्प्याटप्प्याने होते. कोर्रिएन्तेस आणि सांतियागो देल एस्तेरो हे प्रांत बाकीच्यांच्या दोन वर्षे मागेपुढे मतदान करतात. तिथे अनुक्रमे १९९९ आणि २००४ मध्ये झालेल्या हस्तक्षेपांनी मोडलेले वेळापत्रक तसेच राहिले आहे.

आताचा वाद आहे तो गव्हर्नरांच्या फेरनिवडीचा. फोर्मोसा प्रांतात गिल्दो इन्स्फ्रान १९९५ पासून गव्हर्नर आहेत; अमर्याद फेरनिवड घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. २०२३ मध्ये याच वादावरून त्याच न्यायालयाने मतदानाला पाच दिवस उरले असताना सान हुआन आणि तुकुमान येथील गव्हर्नरपदाची निवडणूक थांबवली होती. दोन्ही ठिकाणी काही आठवड्यांत मतदान झाले आणि सान हुआनमध्ये सत्तांतरही झाले. १९३१ किंवा १९६२ मध्ये मतदारांचा कौलच बाद झाला होता. १९८३ नंतर वाद न्यायालयात गेला तरी शेवटचा शब्द मतपेटीचा राहिला आहे.